खेमाची ओली पावलं

ता. २२ जून १९८६

मनकर्णे, जय भीम.

तुला एक आई आहे, आठवतंय का बघ. उंचीनं बेताची, रंगानं सावळी, जिभेनं तिखट. नाव कस्तुराबाई. पिंगळीच्या टेसनावर उतरून ओढ्याच्या कडेनं चालत आलं की जी पहिली वस्ती लागते, तिथं कडुनिंबाखाली बसलेली असते. शिवाय तुला एक मुलगीही आहे. तिचं नाव खेमा, आणि हे पत्र तीच लिहायलीय. दोघींपैकी एकही आठवत नसेल तर हैदराबादेत हकीम पुष्कळ आहेत म्हणे, एखाद्याला डोकं दाखव.

"आजी, असंच लिहू?" म्हणून पोरगी माझ्या तोंडाकडं बघायलीय. असंच लिही. मी बोलते तसं ती लिहीत नाही, मनकर्णे. माझं 'हाय' खोडून 'आहे' करते, 'न्हाई'चं 'नाही' करते. बारावीला गेलीय ना. तू वाचताना मनातल्या मनात परत उलटं करून घे.

दर दिवाळीला तुझं लुगडं येतं. लुगड्याला तोंड नसतं, म्हणून ते पाठवतेस. यंदा चार ओळी पाठव, कारण गोष्ट तशीच आहे. पोरीचे पाय जागे झाले.

तू पायाकडून जन्मलीस, ही पायाकडून जन्मली. दोघी पायाळू. मी आपली डोक्याकडून आले, म्हणून मला नुसतं डोकं चालवता येतं. छप्पन साली आपण देव सोडले, बरं झालं, घरात जागा झाली. पण पायाळूच्या तळव्याला भुईतलं पाणी कळतं, तिची लाथ बसली की पाठीतली उसण पळते, आणि आभाळातली वीज तिला धुंडत येते, हे काही देवानं दिलेलं नव्हतं. मग ते सोडायचं कुठं? तुझे पाय जागे झाले तेव्हा तू गावाला विहिरी दाखवल्यास. पाणी गोड लागलं, आणि त्यांतल्या एकीवरही आपल्याला घागर बुडवू दिली नाही. मला विसरायचा रोग नाही.

खेमाचं तुझ्या पुढं गेलंय. लाथ तर ती लहानपणापासून मारते. पण आता पाणी तिचं ऐकतं. वस्तीतला हातपंप कोरडा पडला होता. ही चौथऱ्यावर अनवाणी उभी राहिली, पंजे दाबले, आणि कुणी न हापसता पंप गुळण्या टाकायला लागला. शेजारची सरजाबाई किंचाळली, "चेटूक हाय गं माय!" मी म्हटलं, "व्हय, हाय. आधी घागर भरून घे, मग बोंबल."

आता दुसरी बातमी. ही लिहिताना पोरगी ओळ वाकडी करील, समजून घे.

दत्तराव गारपगारी तुला माहीत आहे. गारपीट आली की घोंगडं फिरवून ती शिवेबाहेर हाकायची आणि सुगीला गावाकडून धान्य घ्यायचं, हे त्यांचं पिढ्यांचं काम. वैशाखात त्याच्या पाठीत उसण भरली. त्याचा नातू मुंजाजी त्याला पाठकुळी घेऊन आपल्या ओट्यावर आला. खेमानं म्हाताऱ्याला पालथं पाडलं आणि डाव्या टाचेनं एक ठेवून दिली. म्हातारा उठून चालत घरी गेला. नातू तिथंच उभा, तोंड उघडं.

दुसऱ्या दिवशी नातवाची पाठ धरली.

एकोणिशीतला पोरगा, बैलासारखी पाठ, ज्वारीचं पोतं उचलून चेंडूसारखं फेकतो. "आजी, लय उसण भरलीय." बरं बाबा. पोरीनं लाथ घातली. मंगळवारी परत धरली. शुक्रवारी परत. मी म्हटलं, "मुंजाजी, इतक्या लाथा गाढवानंबी कधी मागून घेतल्या न्हाईत." तर म्हणतो, "आजी, गुण येयलाय."

तोही साधा नाही. आज्याची विद्या त्याच्यात उतरलीय, आणि अजून ती त्याच्या हातात नीट राहत नाही. लाजला की गार पडते. ऊन तापलेलं असावं, आभाळ निरभ्र असावं, आणि पोरगी त्याच्याकडं बघून हसली की आपल्या पत्र्यावर टण्ण! एक गार त्यानं तिला दिलीय, ती वितळतच नाही. पोरीनं डाळीच्या डब्यात लपवली होती. मी चाटून बघितली. अळणी आहे.

आणि त्याला भेटून आली की पोरीची पावलं ओली उमटतात. फुफाट्यात, भर उन्हात, पाण्यानं भरलेली पावलं, माळावरून थेट आपल्या उंबऱ्यापर्यंत. चिमण्या त्या पावलांतलं पाणी पीत पीत तिच्या मागं घरी येतात. आमच्या वेळेला पोरी काय काय लपवायच्या. ही बिचारी काय लपवणार?

हसून झालं असेल तर आता नीट ऐक. पावसाळा लागला. ढग येतील, विजा येतील, आणि पोरीचे पाय जागे आहेत. तुझ्यावर माळावर वीज पडली ती अशाच दिवसांत. तू जगलीस आणि जावई गेले. कशी जगलीस ते तू कुणाला सांगितलं नाहीस. गाव म्हणालं, नवरा खाल्ला. पुढच्या साली, अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या रागानं वस्ती पेटवली, आणि तू म्हणालीस, या गावाची माती आता पायाला नको. पोरीला घर मिळालं की नेते म्हणून गेलीस. घर मिळालं, तिसऱ्या मजल्यावर. पोरगी इथंच राहिली.

या ओळी लिहिताना खेमानं मान वर केली नाही. मला एवढंच सांग, कशी जगलीस?


ता. ३ ऑगस्ट १९८६

मनकर्णे, जय भीम.

अक्षर बघून दचकू नको. खेमा परभणीला कॉलेजात गेलीय. हे अक्षर मुंजाजीचं. पाठ धरली म्हणून आला होता. मी म्हटलं, लाथ मारणारी संध्याकाळी येईल, तोवर बस आणि लिही. अक्षर बरं आहे ना? जावयाचं म्हणून विचारत नाही, सहज विचारते. (पत्र्यावर वाजली बघ एक.)

तुझं उत्तर नाही. असू दे. गावाचं ऐक.

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुष्यही गेला. ढग येतच नाहीत असं नाही. पेडगावच्या अंगानं काळेभोर, भरलेले येतात. आपल्या शिवेपाशी आले की कुणी तोंडावर दार लावल्यासारखे थबकतात आणि वळून जातात. पेडगावात पाऊस, पिंगळीत पाऊस, आपल्या शिवारात धूळ. दुबार पेरणीचं बीसुद्धा भाजून निघालं.

बन्सीधर पाटलानं पारावर गाव जमवलं आणि मला बोलावणं धाडलं. मी गेले. फुकटची करमणूक कोण सोडतं?

"कस्तुराबाई," पाटील म्हणाला, "तुझ्या नातीची पावलं ओली उमटायलीत. आमची भुई फाटली आणि तिच्या पायाला पाणी कुठून येतंय? ढगातलं पाणी पायानं ओढायलीय ती."

"पाटील, पोरीचे पाय केवढे, ढग केवढा?"

"आईनं नवरा खाल्ला, लेकीनं पाऊस खाल्ला."

हे वाक्य मी गाळणार होते, मनकर्णे. मुंजाजी म्हणाला, "गाळू नका आजी, त्यांना कळू द्या, इथं काय चाललंय ते."

मी पाटलाला म्हटलं, "आणि गेल्या साली तुमी माझ्या ओट्यावर पालथे पडून तिचीच लाथ खाऊन बरे झालात, ती कशी काय पचली?" लोक हसले. तोंडाला उपरणं लावून हसले. पण हसणं वेगळं आणि बाजू घेणं वेगळं. पारावर ठरलं ते असं: पोळ्यापर्यंत पाऊस आला नाही तर खेमानं गाव सोडायचं. न सोडलं तर गाव सोडवील. कसं सोडवील ते पाटलानं सांगितलं नाही, आणि आपण ते एकदा बघितलेलं आहे.

खेमाला सांगितलं. ती म्हणाली, "मी गेले तर पाऊस मीच खाल्ला असं कायमचं ठरंल. मी जाणार न्हाई." तुझ्यासारखी नाही ती. आणि अगदी तुझ्यासारखी आहे.

आता पुढचं सावकाश लिही, मुंजाजी. लिही, की काल कस्तुराबाई माळावर शेण्या वेचायला गेली होती. लिहिलंस? टेकाडावर एक पोरगा उभा होता, हातात घोंगडं. समोर ढग. घोंगडं फिरलं की ढग मागं, फिरलं की मागं, म्हशी हाकल्यासारखे. गारांचा ढग नव्हता तो. चांगला पावसाचा होता.

मनकर्णे, इथं कागदावर जो शाईचा डाग पडलाय, तो याचा.

"कोण होता रे तो पोरगा?"

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"लिही की. पेन तुझ्याच हातात हाय."

मी होतो, आजी.

बघ, त्याच्याच हातानं लिहून घेतलंय.

"का रे बाबा? गावावर कसला राग?"

"राग न्हाई. ढग आला की वीज येती. वीज पायाळूला धुंडती. खेमाच्या आईचं तुमीच सांगितलं मला. मग मी काय करू? ठरवलं, एकबी ढग आत येऊ द्यायचा न्हाई."

"आणि पेरण्या?"

"त्याचा इचार मागून केला."

"आणि गाव तिच्याच नावानं बोंबलायलंय, त्याचा?"

इथं तो रडायला लागला. गारा नाही पडल्या, नुसतं पाणी आलं डोळ्यांतून, माणसाच्या येतं तसं.

माणसं जीव लावतात तेव्हा गजरा आणतात, बांगड्या आणतात. हा दुष्काळ घेऊन आला! रागवावं की मुका घ्यावा, मला ठरवता येईना. शेवटी पाठीत एक रट्टा घातला. आज पहिल्यांदा त्याची पाठ खरंच दुखत असेल.

आता बघ कसा पेच पडलाय. ढग अडवून धरले तर पोळ्याला पोरगी गावाबाहेर. ढग सोडले तर वीज थेट पोरीवर. मधली वाट असलीच तर ती तुला एकटीला माहीत आहे, कारण वीज अंगावर घेऊन तू जिवंत आहेस. मला शिव्या घाल, पण लिही.

खेमाला यातलं काही माहीत नाही. मी याला बजावलंय, तू सांग, नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर मीठमसाला लावून सांगते.


ता. २४ ऑगस्ट १९८६

मनकर्णे, जय भीम.

तुझं पत्र आलं. सुलाबाईंनी वाचून दाखवलं. आपल्या शाळेच्या बाई त्या, सगळं स्पष्ट वाचतात, पण मधे मधे थांबून चष्मा पुसत होत्या. मी म्हटलं, "बाई, काच झिजंल." त्याच आता हे लिहायल्यात.

तू लिहितेस, खेमाला हातोहात हैदराबादेला, काचीगुड्याच्या गाडीत बसव. तिसऱ्या मजल्यावर विजेला पाय सापडत नाहीत. तू रबरी चप्पल घालूनच झोपतेस. आणि मग शेवटी, जागा उरली नाही म्हणून कडेला आडवं, बारीक अक्षरात सुरू केलंस: त्यांनी मला उचललं होतं.

त्या दिवशी ढग फुटला, तुझे तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे झाले, आणि तुला हलता येईना. जावयाला वाटलं, भुईतून काहीतरी तुझे पाय धरून ओढतंय. त्यांनी तुला उचलून छातीशी घेतलं आणि धावले. तेवढ्यात वीज आली. ते कोसळले, तू पडलीस, तुझी टाच भुईला लागली, आणि वीज तुझ्यातून खाली निघून गेली, नळातून पाणी जावं तशी. पुढं लिहितेस, "मी त्यांच्या हातात होते म्हणून ते गेले."

मी डोक्याकडून जन्मले, तर ते चालवून सांगते. वीज तुला मारायला आली नव्हती. तिला खाली जायचं होतं. आभाळातल्या पाण्याला भुईतल्या पाण्याची ओढ असते, आणि पायाळूच्या टाचेतून तिकडं वाट असते. वाट मोकळी असली की वीज निघून जाते. त्यांनी तुला उचललं आणि वाट तुटली. तू नवरा खाल्ला नाहीस, मनकर्णे. त्यांनी मायेपोटी चूक केली. आणि असली चूक करणारा माणूस नसता तर तू त्याच्यावर इतका जीव टाकला असतास का?

ही गोष्ट गावाच्या तोंडावर फेकायची ती तू इतकी वर्षं चपलेखाली दाबून ठेवलीस. वेडी माझी.

खेमा तिकडं येणार नाही. मुंजाजीनं तिला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. तिची पावलं कोरडी उमटायलीत, आणि त्याच्या घरावर इतक्या गारा पडायल्यात, की दत्तरावानं पत्र्यावर पोती अंथरलीत.

तुझं पत्र ऐकून ती बराच वेळ अंगठ्यानं भुई कोरत बसली. मग म्हणाली, "आजी, पोळ्याला मी माळावर उभी राहते. ढग येऊ दे. पण त्याला सांग, काय वाटंल ते झालं तरी मला उचलायचं न्हाई."

"तूच सांग की, तो काय तिथं बसलाय."

"मी बोलत न्हाई त्याच्याशी."

"आजी," तो त्या टोकाकडून म्हणाला, "तिला सांगा, न्हाई उचलणार."

"आजी, त्याला म्हणावं, शपथ घे."

ओट्याच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो, आणि मधे मी, टपाल खात्यासारखी. शपथ घेतली त्यानं. घेतली, पण त्याचे हात बघितले मी. जीव लावलेल्या माणसाचे हात शपथ पाळतात का, ते पोळ्याला कळेल.


ता. ७ सप्टेंबर १९८६

मनकर्णे, जय भीम, जय भीम, आणि आणखी एकदा जय भीम.

पोरगी जिवंत आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. अक्षर मधेच बदललं तर गोंधळू नको. पेनासाठी खेमा आणि मुंजाजीची ओढाताण चाललीय.

पोळ्याला बैल रंगवून वेशीपाशी आणले होते. शिंगं हिरवी-तांबडी, पण धूळ इतकी, की कुणाची झूल कुणाला ओळखू येईना. पाटील मला बघून म्हणाला, "कस्तुराबाई, मुदत संपली." मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुंजाजी पारावर चढला.

"पाऊस खेमानं खाल्ला न्हाई," तो म्हणाला. "मी परतवला. ह्या घोंगड्यानं."

दत्तराव तिथंच उभा. गारपगाऱ्याच्या नातवानं गावाचा पाऊस हाकलला म्हटल्यावर सुगीचं धान्य गेलं, इज्जत गेली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग उघडून म्हणाला, "का परतवलास, ते बी सांग."

आणि पोरानं सगळ्या गावासमोर, बैलांसमोर, सांगितलं, "माझा जीव हाय तिच्यावर. विजेनं तिला हात लावू नये म्हणून."

आभाळात काही नसताना वेशीवर गारा पडायला लागल्या, बैलांच्या शिंगांवर टकटक, पाटलाच्या फेट्यावर धपधप. मी खाली बघितलं. खेमा उभी होती तिथं, तिच्या दोन्ही पायांभोवती ओल पसरत होती.

(आजी, हे लिहायलाच पाहिजे का? पाहिजे.)

"ढग परतवतोस व्हय?" पाटील म्हणाला. "मग बोलाव की!"

"बोलावतो. पण तुमी सगळे ओढ्याच्या अल्याड राहा. माळावर कुणी यायचं न्हाई."

मी गेले. मला कोण अडवतं?

टेकाडावर त्यानं घोंगडं उलटं केलं आणि झटकलं. मनकर्णे, मृगापासून हाकललेले सगळे ढग एकदम आले! रुसून बसलेले पाहुणे एका पंगतीला यावेत तसे, चारी दिशांनी, एकमेकांना ढोसत. दुपारचं ऊन गेलं, माळ काळा पडला. खेमा मधोमध उभी होती, ओढणी कमरेला खोचलेली, अनवाणी. तिचे तळवे पेटले, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. तिनं ओठ दाबले. हलली नाही.

मुंजाजी टेकाडावरून धावत सुटला. त्याचे हात पुढं आले होते, जावयाचे आले असतील तसेच. मी ओरडले, "उचलू नको रे!" त्या वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना. तो तिच्यापाशी पोचला. आणि थांबला. तिच्या समोर भुईवर मांडी घालून बसला, स्वतःचे हात स्वतःच्या काखेत दाबून. हात बाहेर काढले नाहीत. तिच्याकडं बघत बसून राहिला.

खेमानं त्याच्याकडं बघितलं. हसली. आणि टाच मारली.

वीज आली. मला वाटलं, दिवस परत उगवला. ती पोरीच्या डोक्यातून आत शिरली, आणि कंदिलाच्या काचेतून वात दिसावी तसा तिच्यातून उजेड दिसला, मग टाचेतून खाली गेला. भुई हुंकारली. माळ तडकला, आणि त्या भेगेतून पाणी उसळलं, उतारानं आपल्या वस्तीकडं धावलं, आपल्या कोरड्या आडात धबाधबा पडलं. वरून पाऊस, खालून पाणी, मधे माझी दोन लेकरं, एकमेकांच्या गळ्यात पडून रडायलीत का हसायलीत, ते त्यांनाच ठाऊक. मी पाठ फिरवली. थोडीशीच.

पोरगी शाबूत आहे. केस तेवढे उभे राहिलेत. फणी लावली की ठिणग्या उडतात. दोन फण्या गेल्या.

पारावर परत आलो तेव्हा बैलांचे रंग वाहून गेले होते आणि माणसांचेही. पाटील म्हणाला, "पोरीनं राहावं गावात." मी म्हटलं, "ती राहणारच होती पाटील, तुमची परवानगी आत्ता सुचली." मग मी पारावर चढले, लोक खाली, आणि जावई कसे गेले ते पहिल्यापासून सांगितलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. सांगून झाल्यावर पाटलाकडं बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "मनकर्णाबाईच्या नावानं आमी वाईट बोललो." मी म्हटलं, "पाऊस लय वाजायलाय, ऐकू आलं न्हाई." परत मोठ्यानं म्हणाला. सगळ्या गावानं ऐकलं, आता तू ऐक.

पुरानं गावातल्या विहिरी गढूळ झाल्या. आपल्या आडाचं पाणी नितळ, तळ दिसावा असं. दुसऱ्या दिवशी पाटलीण कमलबाई घागर घेऊन लांब उभी. मी म्हटलं, "या की कमलबाई. आमच्यात कुणाच्या घागरीनं पाणी बाटत न्हाई. रांग तेवढी लावा." ती सरजाबाईच्या मागं उभी राहिली आणि आपल्या हातानं शेंदून घेऊन गेली. पोरांनी पोळ्याच्या उरलेल्या रंगानं आडाच्या कठड्यावर 'नामांतर झालेच पाहिजे' लिहिलंय. मला वाचता येत नाही, म्हणून पाणी भरायला येईल त्याच्याकडून मी ते मोठ्यानं वाचून घेते. पाटलाचा मुलगा फार छान वाचतो.

दत्तरावाचं धान्य गाव बंद करणार होतं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की ढग हाकणारा हाकू शकतो तसा बोलावूही शकतो. धान्य वाढवून द्यायचं ठरलं. म्हातारा सुपारी घेऊन आपल्याकडं आला, "कस्तुराबाई, लाथ मारणारी नातसून नशिबानं भेटती." मी सुपारी ठेवून घेतली, तारीख दिली नाही. आधी पोरीची बारावी, मग तिचं पुढचं कॉलेज, आणि पोराला जरा मिसरूड फुटू दे. तोवर संध्याकाळी दोघं माळावरून चालत येतात. एक माग ओल्या पावलांचा, त्याच्या शेजारून एक माग गारांचा, घरापर्यंत. लोक दारात उभे राहून बघतात आणि आता कुणी काही म्हणत नाही. म्हणतात ते एवढंच, की जरा आमच्या शेतावरून जा.

आता तुझं. इथं तुझी माती आहे, तिच्यात पाणी आहे, आणि तुझ्या नावावर काही डाग उरलेला नाही. पत्रात मावेल असं माझ्याकडं आता काही उरलं नाही. तिकडं अंबाडीचं लोणचं करतात म्हणे, लाल मिरचीचं, लसणीच्या अख्ख्या पाकळ्यांचं. ते पाठव. मोठी बरणी. पार्सलनं पाठवू नको, पार्सलवाले फोडतात. काचीगुड्याला गाडीत बस, बरणी मांडीवर घट्ट धर, आणि पिंगळीला उतर. तेल सांडलं तर सांडू दे.